गोळी की ऑपरेशन: जळजळ वेगळी, घशाशी येणं वेगळं

गेल्या महिन्यात साडूंचा फोन आला. त्यांना रिफ्लक्सचा, म्हणजे जठरातलं वर घशाशी येण्याचा त्रास आहे. एंडोस्कोपीचा (अन्ननलिकेत दुर्बीण घालून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट हातात होता आणि डॉक्टरांनी दोन्ही वाटा सांगितल्या होत्या. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या अशाच चालू ठेवा, नाहीतर फंडोप्लिकेशनचं, म्हणजे जठर अन्ननलिकेभोवती गुंडाळून झडप आवळायचं ऑपरेशन करून घ्या. "तुमचं दोन्ही करून झालंय, तुम्हीच सांगा," म्हणाले. पाऊण तास बोललो तरी निम्मं राहिलंच. तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण याच पेचात पडलेली माणसं मला वरचेवर भेटतात.

मी डॉक्टर नाही. उरुळी कांचनजवळ आमची रोपवाटिका आहे, मुख्यतः गुलाब आणि फळझाडांची कलमं. २०१४ ते २०२२ अशी आठ वर्षं रोज पॅन्टोप्राझोलची गोळी घेतली आणि मार्च २०२२ मध्ये, गुलाबाचे डोळे भरायचा, म्हणजे कलमं करायचा हंगाम संपल्यावर, ऑपरेशन करून घेतलं. त्यामुळे दोन्हीकडचं जे सांगेन ते अंगावरून गेलेलं आहे. मध्ये मध्ये आकडे येतील ते मोठ्या अभ्यासांतले आहेत. तिखट-तेलकट कमी करा, रात्री लवकर जेवा, जेवल्या जेवल्या आडवे होऊ नका, हे तुम्हाला पाठ असणार. ते पुन्हा सांगत नाही.

आपल्याकडे सगळ्याला पित्तच म्हणतात. डोकं चढलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, उपासाला साबुदाण्याची खिचडी बाधली तरी पित्तच. मीसुद्धा कितीतरी वर्षं प्रत्येक डॉक्टरला "पित्ताचा त्रास आहे" एवढंच सांगायचो, आणि प्रत्येक जण तीच गोळी लिहून द्यायचा. शेवटी पुण्यात ज्या सर्जनकडे गेलो त्यांनी समोर बसवून विचारलं, "जळतंय, की वर येतंय?" मी म्हटलं, दोन्ही. त्यावर ते म्हणाले, "गोळी चालू असताना काय उरतं ते सांगा."

मी जरा थांबलो. गोळी चालू असताना जळजळ जवळपास नव्हतीच. उरत होतं ते वर येणं.

माझा निर्णय खरं तर तिथेच झाला, पुढचं सगळं खात्री करून घेण्यासाठी होतं. जळजळ ही आम्लाची तक्रार, घशाशी येणं ही झडपेची. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक वेढं असतं, तीच ही झडप, आणि बाहेरून श्वासपटलाची (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याची) पकड त्याला आवळून धरते. माझ्या बाबतीत श्वासपटलातलं भोक सैल होऊन जठराचा तीन सेंटिमीटर भाग छातीत सरकला होता. यालाच हायटस हर्निया म्हणतात. आतलं वेढं एकीकडे आणि बाहेरची पकड दुसरीकडे, म्हणजे दाराची चौकट आणि कडी एका रेषेत नसल्यासारखं. गोळीने जठरातलं आम्ल कमी होतं. पण जठरात पाणी, लाळ, जेवण, पाचकरस हे सगळं असतंच, आणि दार उघडंच असल्यामुळे ते वर येतच राहतं. फक्त पूर्वीइतकं आंबट लागत नाही.

गोळीच्या बाजूने

गोळीवर मी अजिबात नाराज नाही. अन्ननलिकेला झालेली जखम तिनेच भरून काढली. जठराला आम्लापासून वाचवणारा चिकट थर असतो, अन्ननलिकेला तसा नसतो, त्यामुळे आम्ल पुन्हा पुन्हा लागलं की आतलं अस्तर सोलवटतं. २०१८ मध्ये माझी पहिली एंडोस्कोपी झाली तेव्हा रिपोर्टवर 'ग्रेड बी' लिहिलं होतं. लॉस एंजेलिस नावाच्या मोजणीत ए, बी, सी, डी अशा चार पायऱ्या आहेत. पाच मिलिमीटरपर्यंतचे ओरखडे असतील तर ए, त्याहून लांब असले तर बी. ते एकमेकांना जोडले जाऊन नळीच्या घेराचा पाऊण भाग व्यापू लागले की डी. पडद्यावर मला ते दिसले होते. गुलाबी अस्तरावर लाल, उभे, नखाने ओढल्यासारखे. डोस दुप्पट करून आठ आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तर सगळं स्वच्छ. त्या दिवशी मी खरंच सुटकेचा श्वास सोडला, कारण या जखमा वर्षानुवर्षं राहिल्या तर पुढे काय होतं ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. जखम भरताना व्रण आवळतो आणि नळी अरुंद होते, मग भाकरीचा घास अडकू लागतो. काही जणांत खालच्या भागाचं अस्तरच बदलून आतड्यासारखं होतं. त्याला बॅरेट म्हणतात, १९५० मध्ये त्यावर लिहिणाऱ्या नॉर्मन बॅरेट या लंडनच्या सर्जनच्या नावावरून. बॅरेट झालेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही, पण शक्यता वाढते म्हणून ठरावीक काळाने दुर्बिणीतून पाहत राहावं लागतं.

तर ज्यांचा मुख्य त्रास जळजळ आणि जखम हा आहे, त्यांना गोळी पुरते. बहुतेकांना पुरतेच. फक्त ती नीट घ्या. मी पहिली दोन वर्षं नाश्ता झाल्यावर घेत होतो, आणि तसं चालत नाही हे मला कुणी सांगितलंही नव्हतं. जठरातले आम्ल तयार करणारे पंप जेवणाच्या वेळी जागे होतात, गोळी त्याआधी रक्तात पोचलेली हवी. म्हणून अर्धा ते एक तास आधी, उपाशीपोटी. वेळ बदलल्यावर तीच गोळी मला दुप्पट लागू पडली. तुम्ही ऑपरेशनचा विचार गोळी लागू पडत नाही म्हणून करत असाल, तर आधी एक महिना फक्त वेळ सुधारून बघा.

आयुष्यभर गोळ्या म्हटलं की लोकांना भीती वाटते. हाडं ठिसूळ होतात, किडनी जाते, विसरभोळेपणा येतो, असं व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. यातले बरेच धोके जुन्या नोंदी चाळून निघालेले आहेत, आणि अशा नोंदींत गोळी घेणारी माणसं मुळातच जास्त आजारी असतात. १७,००० हून अधिक लोकांना तीन वर्षं पॅन्टोप्राझोल किंवा नुसती खोटी गोळी देऊन पाहिलेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात पोटाच्या जंतुसंसर्गाचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं, बाकी भीतीच्या गोष्टींत फरक आढळला नाही. फार वर्षं घेत असाल तर बी-१२ आणि मॅग्नेशियम अधूनमधून तपासून घ्या. माझं बी-१२ एकदा कमी आलं होतं. पण आम्ही शाकाहारी, त्यामुळे सगळा दोष गोळीच्या माथी मारणं बरोबर नाही.

एक गोष्ट मात्र खरी आहे: गोळी अचानक सोडली तर आम्ल उसळून येतं. २००९ मध्ये डेन्मार्कमध्ये पोटाचा काहीच त्रास नसलेल्या १२० धडधाकट माणसांवर एक प्रयोग झाला. ज्यांना आठ आठवडे गोळी देऊन थांबवली, त्यांतल्या ४४ टक्क्यांना त्यानंतर जळजळ किंवा आंबट ढेकरांसारखी लक्षणं जाणवली, आणि खोटी गोळी घेतलेल्यांत १५ टक्क्यांना. त्यामुळे "गोळी सोडली की त्रास होतो, म्हणजे आता गोळीशिवाय गत नाही" असं लगेच समजू नका. हळूहळू कमी करून बघा.

मला ज्या गोष्टीने ठरवायला लावलं

गुलाबाचा डोळा भरणं हे पूर्ण ओणवं होऊन करायचं काम आहे. खुंट जमिनीपासून चार बोटांवर असतो. खुंटावर टी आकाराचा काप घ्यायचा, साल हलकेच सोडवायची, डोळा त्यात सरकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने गुंडाळायचा. हे सगळं एका दमात व्हायला हवं. काप उघडा राहिला की कड वाळते, आणि कड वाळली की डोळा धरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी आठपासून आम्ही सगळे वाफ्यांत असेच वाकलेले असतो.

मी वाकलो की तिसऱ्या-चौथ्या झाडाला तोंडात पाणी यायचं. जळजळ नसायची, गोळी चालू असायची. कोमट, किंचित आंबट-तुरट पाणी, कधी त्यात सकाळच्या पोह्यांतली मोहरी. एका हातात चाकू, दुसऱ्या हातात डोळा, आणि तोंड भरलेलं. गिळावं तर मळमळायचं, थुंकायला उठावं तर काप वाळायचा. मी गिळायचो. दिवसातून किती वेळा ते मोजलं नाही, पण दुपारपर्यंत घसा सोलवटल्यासारखा व्हायचा आणि आवाज बसायचा. मग मी उपाशीपोटी काम करायला लागलो. दुपारी दोनपर्यंत फक्त चहा. चहानेही यायचं. शेवटच्या दोन हंगामांत डोळे भरायला मजूर लावले आणि मी बांधावर उभा राहून बघत होतो. वडिलांनी शिकवलेलं काम होतं ते, आणि माझा हात चांगला बसलेला होता. ते मला फार लागलं.

रात्रीचं वेगळंच. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या, सहा-सात इंच उंची आली. डाव्या कुशीवर झोपायची सवय केली, कारण त्या कुशीवर जठर अन्ननलिकेपेक्षा खाली राहतं. या दोन्हींनी फरक पडला हे प्रामाणिकपणे सांगतो, ज्यांनी केलं नसेल त्यांनी आज रात्रीच करावं. तरी महिन्यातून दोन-तीनदा मध्यरात्री श्वासनलिकेत पाणी जाऊन ठसका लागायचा. डोळे बाहेर येतील असा खोकला. बायको उठून पाठ चोळायची. दिवा लावल्यावर उशीवर पिवळसर डाग दिसायचा. एकदा दातांच्या डॉक्टरांनीही विचारलं की तुम्हाला आम्लाचा त्रास आहे का, वरच्या दातांची आतली बाजू झिजली आहे.

दुसरी एंडोस्कोपी स्वच्छ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, छान, आता चालू ठेवा. अन्ननलिका बरी झाली होती यात शंका नाही. पण मी पुन्हा वाफ्यात जाऊन वाकलो तर तोंडात पाणी आलंच.

तपासणीशिवाय हो म्हणू नका

इथे थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण मी एकदा चुकीच्या टेबलावर झोपता झोपता राहिलो. एका रुग्णालयात एंडोस्कोपी झाली त्याच दिवशी संध्याकाळी "हर्निया आहे, सोमवारी करून टाकू" असं सांगितलं गेलं. बाकी कुठलीच तपासणी नाही. माझ्या भावाने नको म्हटलं आणि आम्ही निघून आलो. नंतर कळलं की ते किती बरं झालं.

ऑपरेशनआधी दोन तपासण्या व्हायलाच हव्यात. पहिली मॅनोमेट्री. नाकातून बारीक नळी जठरापर्यंत घालतात आणि आडवं करून चमचाभर पाणी दहा वेळा गिळायला लावतात. प्रत्येक घोटाला अन्ननलिका किती जोराने ढकलते ते पडद्यावर रंगांत दिसतं. नळी नाकातून घशात वळते तो क्षण वाईट आहे, एरवी सोसण्यासारखं आहे. हे का, तर काही जणांना अॅकॅलेशिया नावाचा दोष असतो. त्यात झडप ढिली नसते, उलट उघडतच नाही. खाल्लेलं अन्ननलिकेतच साचतं आणि वर येतं. लक्षणं अगदी आपल्यासारखी. अशा माणसाची झडप आणखी आवळली तर त्याचं गिळणंच बंद होईल. अन्ननलिकेचा जोर फारच कमी असलेल्यांनाही पूर्ण वेढ्याचं ऑपरेशन सोसत नाही.

दुसरी चोवीस तासांची पीएच तपासणी, म्हणजे आम्ल किती वेळ वर येतं त्याची मोजणी. त्यासाठी गोळी सात दिवस बंद ठेवावी लागते, आणि ते सात दिवस कठीण जातात. नाकातून तार, कमरेला छोटा डबा. त्यावर बटणं: जेवलो, झोपलो, त्रास झाला. मी मुद्दाम नर्सरीत गेलो आणि एक रांग वाकून काम केलं. आलेख हाती आला तेव्हा माझ्या बटणांच्या खुणा आणि आम्ल वर आल्याचे खड्डे एकमेकांखाली बरोबर जुळले होते. दिवसाच्या ४ टक्क्यांपेक्षा कमी वेळ अन्ननलिकेत आम्ल असणं ठीक समजतात, ६ टक्क्यांवर गेलं की दोष नक्की. माझं ९ भरलं. मला त्या कागदाने सगळ्यात जास्त धीर दिला.

ही चाळणी किती मोठी आहे ते अमेरिकेत २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासावरून कळतं. गोळीने जळजळ जात नाही म्हणून पाठवलेल्या ३६६ जणांना त्यांनी नीट तपासलं. कुणाची गोळी घेण्याची पद्धत सुधारल्यावरच भागलं, कुणाचं दुखणं रिफ्लक्सचं नव्हतंच. खरोखर रिफ्लक्स असलेले आणि गोळी न पुरणारे असे ७८ जणच शेवटच्या टप्प्यात उरले. त्यांत मात्र ऑपरेशन केलेल्यांपैकी ६७ टक्के चांगले झाले आणि औषधं वाढवलेल्यांपैकी २८ टक्के. म्हणजे ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही, पण ज्याला लागतं त्याला औषधाने त्याची बरोबरी होत नाही, असं मी तरी समजलो.

ऑपरेशन, आणि ढेकर

पद्धत जुनी आहे. रुडॉल्फ निसेन या सर्जनने १९३६ मध्ये इस्तंबूलला एका रुग्णाच्या अन्ननलिकेचं ऑपरेशन करताना जोड सुरक्षित राहावा म्हणून जठराचा वरचा भाग तिच्याभोवती गुंडाळला. पुढे रिफ्लक्ससाठी हीच युक्ती वापरून त्यांनी १९५६ मध्ये ती छापली. दुर्बिणीतून ती १९९१ पासून होऊ लागली. कल्पना सोपी आहे: गळ्याभोवती उपरणं गुंडाळावं तसं जठराचं टोक अन्ननलिकेच्या खालच्या भागाभोवती गुंडाळून शिवायचं. जठर भरून फुगलं की ते वेढं आपोआप आवळतं. श्वासपटलातलं मोठं झालेलं भोकही टाके घालून लहान करतात. पूर्ण ३६० अंशांचा वेढा म्हणजे निसेन, मागून पाऊण म्हणजे २७० अंशांचा तो तूपे. माझ्या अन्ननलिकेचा जोर जरा मध्यम आला होता, म्हणून तूपे केलं. निवड असेल तर सर्जनला याबद्दल जरूर विचारा. पाऊण वेढ्यात गिळायचा आणि पोट फुगायचा त्रास कमी होतो असं मला सांगितलं गेलं, आणि माझा अनुभव तसाच आहे.

पोटावर पाच छोटी भोकं, दोन रात्री रुग्णालयात. पहिले दोन दिवस दुखलं ते खांद्यात. पोट फुगवायला भरलेल्या वायूने श्वासपटल चिडतं आणि दुखणं खांद्यात उमटतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो.

मग खाणं. पहिला आठवडा पेज, ताक, पातळ वरण. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मऊ भात, कुस्करलेली भाजी. चौथ्या आठवड्यात मी आगाऊपणे पोळीचा घास घेतला आणि तो छातीच्या मधोमध बसला. पाणी प्यायलो तर पाणीही वर थांबलं. दहा मिनिटं उभा राहिलो, हळूहळू खाली गेला. सूज असते तोवर असं होतं. दीड महिन्यानंतर भाकरी नीट उतरायला लागली, तीही दुधात कुस्करून. कोरडी भाकरी आणि ठेचा तीन महिन्यांनी. सहा आठवडे जड उचलायचं नाही. मातीच्या पिशव्यांच्या धंद्यात ते सोपं नव्हतं, पण टाके उसवण्याची भीती खरी असते म्हणून मी काटेकोरपणे पाळलं.

आणि ढेकर. आपल्याकडे जेवणानंतर ढेकर आली की यजमान समाधानाने हसतो. ऑपरेशननंतर ती जवळपास गेली. आता अधूनमधून छोटी येते, पण पूर्वीसारखी मोकळी नाही. त्यामुळे पोटात गेलेला वारा खालूनच जातो, आणि पहिलं वर्षभर तो फार जातो. जेवताना बोलणं कमी केलं, सोडा-कोल्ड्रिंक बंद केलं, राजमा-छोल्यांना आवर घातला. उलटीही सहज होत नाही. एका लग्नात काहीतरी बाधलं तेव्हा कोरड्या उमाळ्यांनी तासभर जीव घाबरा झाला, बाहेर काहीच पडेना. हे तुम्हाला नकोसं वाटत असेल तर तो विचार अगदी रास्त आहे.

मोठ्या अभ्यासात हेच उतरलेलं दिसतं. युरोपातल्या ५५४ रुग्णांना पाच वर्षं पाहिलेल्या लोटस नावाच्या अभ्यासाचा निकाल २०११ मध्ये आला. एकूण हिशोबात गोळीवाले थोडे पुढे होते: त्यांतले ९२ टक्के आजारापासून मोकळे, ऑपरेशनवाले ८५ टक्के. पण तक्रारी सुट्या करून पाहा. घशाशी येणं गोळीवाल्यांत १३ टक्क्यांना राहिलं, ऑपरेशनवाल्यांत फक्त २ टक्क्यांना. उलट गिळताना अडकणं गोळीत ५ आणि ऑपरेशनमध्ये ११, पोट फुगणं २८ आणि ४०. मी या आकड्यांकडे कितीतरी वेळा परत गेलो. तुमची तक्रार कोणती आहे त्यावर कुठली बाजू जड ते ठरतं.

ऑपरेशन कायमचं असतं असं कुणी म्हणालं तर ते पूर्ण खरं नाही. स्वीडनमध्ये २,६५५ जणांच्या नोंदींत सुमारे १७.७ टक्क्यांना रिफ्लक्स परत आला, बहुतेकांनी पुन्हा औषध सुरू केलं आणि थोड्यांनी पुन्हा ऑपरेशन केलं. माझं चौथं वर्ष चालू आहे आणि अजून गोळी लागलेली नाही. दहाव्या वर्षीही असंच असेल याची हमी मी देऊ शकत नाही.

खर्चाचं बोलायचं तर गोळी स्वस्त आहे, जेनेरिक घेतली तर फारच. ऑपरेशन मला दोन लाखांच्या आत पडलं आणि विम्याने त्यातलं बरंचसं दिलं. तपासण्या भरती न होता केल्या म्हणून त्यांचे पैसे मात्र खिशातून गेले. दहा वर्षांच्या गोळ्यांशी तुलना करत बसलो तरी ऑपरेशन महागच ठरतं. पैशासाठी कुणी ते करू नये.

आणखीही पर्याय आहेत. व्होनोप्राझान नावाचं नवं औषध आता भारतातही मिळतं. ते जेवणाआधीची वेळ पाळावी न लागता काम करतं आणि रात्रीचं आम्ल जास्त दाबतं. ज्यांची जळजळ रात्री जास्त असते त्यांनी आधी हे विचारावं. परदेशात अन्ननलिकेभोवती चुंबकी मण्यांची माळ बसवतात, अमेरिकेत २०१२ पासून तिला परवानगी आहे. मी त्यातलं काही वापरलेलं नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

वजन खूप असेल तर सर्जनला वजन कमी करायच्या जठराच्या बायपासबद्दल विचारा, तिथे हिशोब बदलतो. फक्त घसा खवखवणं किंवा खोकला एवढीच तक्रार असेल तर मी ऑपरेशनची घाई करणार नाही, कारण त्या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा दुसरीकडे असतं. बॅरेट असेल तर ऑपरेशननंतरही दुर्बिणीची तपासणी चुकवू नका. आणि गिळताना अडकतंय, वजन उतरतंय, उलटीत रक्त किंवा शौच काळी होतेय, तर ही तुलना बाजूला ठेवून आजच डॉक्टरांकडे जा.

हे सगळं धरूनही, ज्यांचा त्रास माझ्यासारखा आहे, म्हणजे गोळी चालू असताना वाकलं की वर येतं, आडवं झालं की घशात येतं, त्यांना मी ऑपरेशनकडेच बघायला सांगेन. २०२२ च्या डिसेंबरात पहिल्यांदा वाफ्यात बसलो तेव्हा पोटभर पोहे खाऊन गेलो होतो. सवयीने चौथ्या झाडाला तोंड मिटून थांबलो. काही आलं नाही. त्या सकाळी दुपारपर्यंत उठलो नाही. ढेकर गेली त्याचं वाईट वाटतं का असं बायको अजून विचारते. वाटतं, पण ती सकाळ आठवली की पुरे होतं.

साडूंना फोनवर मी तोच प्रश्न विचारला: गोळी चालू असताना काय उरतं? ते एसटीत चालक होते, आता निवृत्त आहेत. म्हणाले, छातीत काही नाही, पण रात्री दोन उशा घेऊनसुद्धा दोन वाजता तोंडात येतं. माझं मन कुठे झुकलं ते त्यांना कळलं असणार. तरी मी त्यांना ऑपरेशन करा असं म्हटलं नाही, आधी मॅनोमेट्री आणि पीएच करून घ्या एवढंच सांगितलं. परवापासून त्यांची गोळी बंद झाली आहे. पुढच्या सोमवारी तपासणी आहे आणि मी सोबत जाणार आहे. तोवर पलंगाखाली विटा ठेवल्यात की नाही, ते मेहुणीला विचारून घेतलं आहे.